वाट बांधायचे पैसे, वाट राखायचे पैसे

१. खचलेल्या फरशीपाशी

सिकंदराबादला आमच्या घराजवळच्या तळ्याला वळसा घालणारी एक वाट आहे. पहाटे साडेपाचला तिथं माणसं यायला लागतात. कानटोपी घातलेले निवृत्त रेल्वेवाले, जोडीनं चालणाऱ्या शेजारणी, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर काठी घेऊन पुन्हा चालायला शिकणारे एक आजोबा. सगळे तिला ‘ट्रॅक’ म्हणतात. वाट पेव्हर ब्लॉकची आहे आणि एका वळणावर तिचा दहा-अकरा मीटरांचा तुकडा खचला आहे. तिथं आलं की जोडीनं चालणारे एकामागोमाग होतात, आजोबा थांबून काठीनं चाचपडतात, आणि कोणी ना कोणी इथल्या दखनीत म्हणतंच, “बनाये तो बनाये, रिपेर कौन करते?”

हे सारं प्रकरण त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. चालण्याच्या, फिरण्याच्या, डोंगर चढण्याच्या वाटांसाठी सरकारी पैसा कुठून येतो, तो हातात कसा पडतो, आणि वाट बांधून झाल्यावर तो का आटतो, हे आपण एकेक करून पाहू.

२. चालण्यावर सरकारनं खर्च का करावा?

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि त्यात थोडा संकोचही असतो. दवाखाने, शाळा अपुऱ्या असताना फिरायच्या वाटा मागायच्या का?

कायद्याचं उत्तर सरळ आहे. १९९३ साली ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. शहरी संस्थांकडे सोपवायच्या १८ कामांची ती यादी आहे आणि तिच्यात बागा, उद्यानं, क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे पाणीपुरवठा आणि रस्ते ज्या यादीत, त्याच यादीत बागही आहे. शिवाय घटनेचं २८२वं कलम केंद्राला आणि राज्याला कुठल्याही सार्वजनिक कारणासाठी अनुदान द्यायची मुभा देतं.

माझं स्वतःचं उत्तर त्या काठीवाल्या आजोबांपाशी आहे. जिमची फी त्यांना परवडणार नाही आणि रस्त्यावर चालायला फुटपाथ नाही. ती वाट हाच त्यांचा दवाखाना आहे.

३. आधी विचारा, जमीन कोणाची?

पैशाआधी जमिनीची गोष्ट, कारण अनुदान माणसाला मिळत नाही, जमिनीच्या मालकाला किंवा त्याच्या संमतीनं मिळतं. सिकंदराबादेत हा प्रश्न जितका गुंतलेला आहे तितका फार थोड्या गावांत असेल.

१८०६ साली तिसऱ्या निजामाच्या, सिकंदर जाहच्या नावानं हे गाव वसलं ते इंग्रजी फौजेची छावणी म्हणून. आजही गावाचा मोठा भाग छावणीत आहे. तिथं कारभार महापालिकेचा नसून २००६च्या कॅन्टोन्मेंट कायद्याखाली चालणाऱ्या सिकंदराबाद कॅन्टोन्मेंट बोर्डाचा आहे, आणि ते बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. छावणीची हद्द संपली की ग्रेटर हैदराबाद महानगरपालिका लागते. मध्येच रेल्वेची जमीन, कारण दक्षिण मध्य रेल्वेचं मुख्यालय इथंच आहे. शहराच्या कडेला वनखातं. तळं असेल तर पाणी एका खात्याचं, काठ दुसऱ्याचा आणि काठावरची वाट तिसऱ्याची, असंही होऊ शकतं.

मालक एकच असला की काय होतं, ते बोलारमच्या राष्ट्रपती निलयममध्ये दिसतं. १८६० साली बांधलेली, ११ खोल्यांची ती बैठी इमारत सुमारे ९० एकरांत आहे. पूर्वी वर्षातले थोडेच दिवस ती लोकांना पाहता यायची, मार्च २०२३पासून ती बारा महिने खुली झाली. आवारात झाडांमधून फिरायची निसर्गवाट आहे. जमीन केंद्राची, तिजोरी केंद्राची, माळीही पगारी. त्या वाटेवर पडलेल्या फांदीबद्दल तीन कचेऱ्यांना पत्रं लिहावी लागत नाहीत.

आपल्या तळ्याची वाट तशी नाही. म्हणून कोणत्याही वाटेसाठी खटपट सुरू करण्याआधी एक कागद हातात हवा: वाट जाते त्या प्रत्येक तुकड्याचा मालक कोण, आणि त्याची ना-हरकत आहे का. हा कागद नसेल तर अर्ज कितीही सुरेख लिहिला तरी तो परत येतो.

४. अनुदान म्हणजे बक्षीस नव्हे

थोरला भाऊ धाकट्याला म्हणतो, “विहीर खण. शंभरातले ऐंशी मी देतो, वीस तू घाल. पण विहीरच खणायची, त्या पैशात मोटारसायकल घ्यायची नाही. आणि काम झालं की हिशेब दाखवायचा.” अनुदान नेमकं असं असतं. त्यात तीन गोष्टी येतात: ठरवून दिलेलं काम, स्वतःचा वाटा आणि हिशेब.

स्वतःच्या वाट्याचं एक उदाहरण घेऊ. २०१५ साली केंद्रानं ५०० शहरांसाठी ‘अमृत’ अभियान सुरू केलं. भर पाण्यावर आणि मलनिःसारणावर होता, पण आराखड्याच्या रकमेतला अडीच टक्क्यांपर्यंतचा भाग बागा आणि हिरव्या जागांसाठी ठेवायची सोय होती. त्या वेळी लोकसंख्या दहा लाखांच्या आत असेल तर केंद्र खर्चाचा निम्मा भार उचलायचं, वर असेल तर एक तृतीयांश. आता समजा ९० लाखांची बाग आहे. लहान शहराला केंद्राकडून ४५ लाख मिळायचे, हैदराबादसारख्याला ३० लाख. उरलेले राज्यानं आणि महापालिकेनं काढायचे. ते काढले नाहीत तर केंद्राचेही येत नाहीत. कागदावर मंजूर असलेली कामं वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतात, त्यामागं पुष्कळदा हा न भरलेला वाटा असतो.

हिशेबाचा कागद म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. मिळालेले पैसे ज्या कामासाठी मिळाले त्याच कामावर खर्च झाले, असं ते सांगतं. केंद्राच्या २०१७च्या वित्तीय नियमांप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत ते द्यायचं असतं. कचेरीत सगळे त्याला ‘यूसी’ म्हणतात. यूसी अडकलं की पुढचा हप्ता अडकतो, आणि अर्धी झालेली वाट पावसात उघडी पडते.

५. कापलेल्या जंगलाचे पैसे

आपल्याकडे केवळ पायवाटांसाठी असा वेगळा राष्ट्रीय निधी नाही. वाट दुसऱ्या कुठल्या तरी योजनेच्या पोटात बसवावी लागते. खासदार निधी आहे: १९९३ साली सुरू झालेला, दर खासदाराला वर्षाला ५ कोटी. खासदार काम सुचवतात, जिल्हा प्रशासन ते करून घेतं. वित्त आयोगाचं अनुदान आहे. सायकलींसाठी केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं शहरांची स्पर्धा घेतली, तेव्हा २०२१ साली निवडलेल्या ११ शहरांत आपलं नागपूर, पिंपरी-चिंचवड आणि तेलंगणातलं वारंगळ होतं. प्रत्येकी १ कोटी जाहीर झाले. आणखी एका झऱ्यापाशी मात्र मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण शहराकडेच्या झाडीतल्या वाटांना तोच सर्वांत जवळचा आहे.

घराच्या परसातला आंबा कोणाला तरी बांधकामासाठी तोडायचा आहे. तो म्हणतो, भरपाई देतो. घरातली शहाणी म्हातारी काय करेल? ती सांगेल, “पैसे घ्या, पण वेगळ्या डब्यात ठेवा. त्यातून झाडंच लावायची. लग्नाला, सणाला या डब्याला हात लावायचा नाही.” देशानं तेच केलं. खाण, धरण, महामार्ग यांसाठी वनजमीन घेणाऱ्याला दुसरीकडे झाडं लावायचा खर्च द्यावा लागतो, आणि गेलेल्या जंगलाचं आजचं मोल म्हणून आणखी एक रक्कम भरावी लागते. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली हा वेगळा डबा करायला सांगितलं. डब्यात पैसे साठत गेले, खर्च मात्र होईना. शेवटी २०१६ साली कायदा झाला, २०१८ साली तो लागू झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम राज्यांकडे वळती झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३,८४४ कोटी आले, तेलंगणाच्या वाट्याला सुमारे ३,११० कोटी. यालाच सगळे ‘कॅम्पा’चा पैसा म्हणतात. नव्वद टक्के राज्याचे, दहा टक्के केंद्राचे.

केंद्राच्या त्या वाट्यातून नगरवन योजना निघाली, आणि तिचा आदर्श मराठी मुलखातला आहे. ५ जून २०२०ला, पर्यावरण दिनी, ही योजना जाहीर झाली तेव्हा नमुना म्हणून पुढं ठेवलं गेलं ते पुण्याचं वारजे. सुमारे चाळीस एकरांची ओसाड, अतिक्रमणं होऊ लागलेली वनजमीन तिथं लोक, वनखातं आणि संस्था यांनी मिळून हिरवी केली होती. योजनेत १० ते ५० हेक्टरांच्या जागेला नगरवन म्हणतात आणि १ ते १० हेक्टरांच्या जागेला नगरवाटिका. उभारणीसाठी हेक्टरी ४ लाख रुपये मिळतात. कुंपण, रोपं, पाणी आणि फिरायची वाट हे सगळं त्यात बसवायचं.

हिशेब करून पाहा. २० हेक्टरांची, म्हणजे साधारण ५० एकरांची टेकडी असेल तर ८० लाख. आपल्या वस्तीलगत तेवढी जागा नसेल आणि ३ हेक्टरांचा तुकडा असेल तर १२ लाख. बारा लाखांत कुंपण घातलं की थोडेच उरतात, म्हणून वाट मुरमाची ठेवावी आणि सिमेंटचा मोह सोडावा. मुरमाची वाट स्वस्त पडते, गुडघ्यांना मऊ लागते आणि झाडांच्या मुळांना पाणी देते.

या डब्याचा आणखी एक गुण आहे. साध्या सरकारी तरतुदीतले न वापरलेले पैसे ३१ मार्चला परत जातात. मार्च महिन्यात रस्ते खणायची जी घाई दिसते ती त्याचमुळे. कॅम्पाचा निधी तसा बुडत नाही, तो पुढच्या वर्षी टिकतो. देखभालीला नेमका असाच पैसा लागतो, कारण वाट मार्चमध्ये नव्हे तर पावसात मोडते.

६. वाट कशी मोडते

आता त्या खचलेल्या वळणाकडे परत जाऊ. एकदा उन्हाळ्यात मी तिथं उकिडवा बसून नीट पाहिलं. ब्लॉक एकही फुटलेला नव्हता. ते सगळे जागच्या जागी खाली बसले होते, उशीवर डोकं टेकल्यावर खळगा पडावा तसे. कडेचा एक ब्लॉक उचलला तर खाली वाळू नव्हतीच, पोकळी होती. चार पावलांवर वाटेखालून जाणारा सिमेंटचा पाइप सापडला. त्याचं तोंड पिंपळाची पानं, दुधाच्या पिशव्या आणि गाळ यांनी बुजलं होतं. पावसाचं पाणी पाइपातून तळ्यात जायच्याऐवजी ब्लॉकच्या फटींतून खाली उतरलं होतं आणि वाळू घेऊन गेलं होतं.

वाटेचा शत्रू पाय नसून पाणी आहे. ज्यानं शेताचा बांध पाहिला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. म्हणून चांगल्या वाटेला आडवा उतार देतात: दीड मीटर रुंदीला पाच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटं. डोळ्याला तो जाणवतही नाही, पण पाणी वाटेवरून वाहत न जाता कडेला उतरतं. डोंगरावर वाट सरळ वर न नेता वळणं देत नेतात आणि ठरावीक अंतरावर दगडाची आडवी नाली घालतात. सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटा पाहिल्यात तर दगड असेच आडवे लावलेले दिसतात. हैदराबादच्या ग्रॅनाइटच्या खडकांवर माती आधीच पातळ असते, एका जोरदार पावसात ती सगळी धुऊन जाते.

त्या पाइपाचं तोंड मोकळं ठेवायला काय लागलं असतं? एक माणूस, एक फावडं, वर्षातून चार सकाळी.

७. शिलाई मशीन आणि तेल

मग त्या चार सकाळींचे पैसे का मिळाले नाहीत? कारण सरकारी हिशेबात खर्चाचे दोन खिसे असतात. शिलाई मशीन विकत घेणं हा भांडवली खर्च, त्यातून वस्तू उभी राहते. तेल, सुई, पट्टा हा महसुली खर्च, तो दर वर्षी येतो आणि दाखवायला काही उरत नाही. योजनांची बहुतेक अनुदानं मशीनसाठी असतात. खासदार निधीचा भर टिकाऊ सामूहिक मालमत्तेवर आहे. रोजचा आवर्ती खर्च त्यातून करायचा नाही. मंजुरीआधी वापरणाऱ्या संस्थेकडून ‘आम्ही देखभाल करू’ असं वचन घ्यायचं असतं. ते वचन एका ओळीचं असतं आणि त्या ओळीपुढं रक्कम लिहिलेली नसते. माझा सगळा आग्रह त्या कोऱ्या जागेबद्दल आहे.

समजण्यापुरते आकडे घेऊ. एक किलोमीटर लांब, दीड मीटर रुंद वाट म्हणजे १,५०० चौरस मीटर. चौरस मीटरला ८०० रुपये धरले तर १२ लाख. दर वर्षी त्याच्या पाच टक्के देखभालीला ठेवले तर ६० हजार, दहा वर्षांत ६ लाख. देखभाल केलीच नाही आणि दर पाच वर्षांनी निम्मी वाट उखडून नव्यानं घालावी लागली, तर दहा वर्षांत दोनदा ६ लाख, म्हणजे १२ लाख. महागाई वेगळीच. शिवाय मधली वर्षं लोकांनी खड्ड्यांतून चालायचं.

ठेकेदाराच्या करारात दोषदायित्वाचा काळ असतो. त्या मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं. वस्तीतल्या लोकांनी ही तारीख मागून घ्यावी आणि ती संपायच्या आधीचा एक पावसाळा वाट डोळ्यांत तेल घालून पाहावी. आमच्याकडे ही तारीख आम्हाला कळली तेव्हा ती उलटून गेली होती. त्याची हळहळ मला अजून वाटते.

८. जिथं देखभालीला पहिलं पान आहे

अमेरिकेत १९९१ सालच्या वाहतूक कायद्यातून फक्त वाटांसाठी एक निधी जन्माला आला. त्यामागची कल्पना साधी आहे. बर्फावर आणि रानात चालणाऱ्या गाड्यांचे मालक पेट्रोलवर रस्त्याचा कर भरतात, पण त्यांच्या गाड्या रस्त्यावर येतच नाहीत. मग तो कर वाटांसाठी परत द्यावा. पैसा केंद्राकडून राज्यांना जातो आणि राज्य अर्ज मागवून वाटतं. साधारणपणे ऐंशी टक्के केंद्राचे, वीस टक्के स्थानिक. वाटणीही ठरलेली: तीस टक्के मोटारींच्या वाटांना, तीस टक्के पायी, सायकल, घोडा यांच्या वाटांना, चाळीस टक्के मिळून वापरायच्या वाटांना. आधी खर्च करायचा आणि मग बिलं दाखवून पैसे घ्यायचे, अशी पद्धत आहे.

त्यातल्या दोन गोष्टी मला आपल्यासाठी मोलाच्या वाटतात. कायद्यात ज्या कामांना पैसा मिळतो त्यांची यादी आहे, आणि तिच्यात पहिलंच काम आहे ते असलेल्या वाटांची देखभाल आणि दुरुस्ती. नवीन वाट त्यानंतर येते. दुसरी गोष्ट म्हणजे स्वयंसेवकांच्या श्रमाची रुपयांत, म्हणजे तिथं डॉलरांत, किंमत करून ती स्थानिक वाट्यात धरता येते. आपल्याकडे गडांवर दर रविवारी मुलं पाण्याची टाकी उपसतात, पायऱ्या मोकळ्या करतात. वीस जणांनी पाच तास काम केलं तर ते शंभर मनुष्यतास झाले. तासाला ६० रुपये धरले तरी ६ हजारांचा वाटा त्यांनी घातला. हा आकडा आपल्या कुठल्याही अर्जात दिसत नाही.

देखभालीचा रोजचा झरा आपल्याकडे अजिबात नाही, असं मात्र नाही. सिंहगडाला गाडीनं जाणाऱ्यानं पायथ्याला उपद्रव शुल्क भरलेलं असतं. ते घेरा सिंहगडच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडून घेतलं जातं आणि गावातली माणसं त्या कामावर असतात. हैदराबादेत १९९८ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या केबीआर पार्कमध्ये रोज चालणारे वनखात्याचा पास काढतात. तळ्याच्या वाटेला नाका बसवावा असं मी म्हणणार नाही, कारण आजोबांना फुकट चालता यावं म्हणून तर ती वाट आहे. तेलंगणात २०१९च्या नगरपालिका कायद्यानं अर्थसंकल्पाचा दहा टक्के भाग हिरवाईसाठी राखायला सांगितलं आहे. वाटेच्या चार सकाळी मागायला हे दार ठोठावता येईल.

९. अर्जात काय लिहायचं

गेल्या हिवाळ्यात आम्ही सात-आठ जण एका ओट्यावर बसलो आणि खचलेल्या वळणाच्या दुरुस्तीचा अर्ज पुन्हा लिहिला. पहिल्या अर्जात ‘वाट खराब आहे, त्वरित कार्यवाही व्हावी’ एवढंच होतं. या वेळी वाट पट्टीनं मोजली: एकूण ९४० मीटर, खचलेला भाग ११ मीटर, पाइप तीन, त्यांतला बुजलेला एक. जमीन कोणाची ते लिहिलं. फोटो दोन लावले, एक उन्हाळ्यातला आणि एक पाणी साचलेला. दुरुस्तीच्या रकमेखाली वेगळी ओळ घातली: वार्षिक देखभाल, पाच वर्षं. आणि तिच्यापुढं रक्कम लिहिली.

त्याखाली आमचा वाटाही मांडला. मेचा शेवटचा रविवार, मग जून, जुलै आणि सप्टेंबरचा पहिला रविवार, प्रत्येकी दहा जण, दोन तास: वर्षाला ऐंशी मनुष्यतास. काठीवाले आजोबा म्हणाले, माझंही नाव घाला, मी वहीत हजेरी लिहीन.

अर्ज अजून मंजूर झालेला नाही. मेचा शेवटचा रविवार मात्र झाला. पाइपाच्या तोंडातून सहा घमेली गाळ निघाला, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेखाली दहाऐवजी चौदा नावं आहेत.